टोक कापलेला शंख

नंदुरबारहून सकाळची गाडी धरली. पिशवीत अक्कासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा. सुरतेला बहिणीकडे मी दर दिवाळीला जातो, पण या खेपेला थेट तिच्या घरी, कोसाडला न जाता आधी डुमसचा किनारा गाठला. मला शंख घ्यायचा होता.

डुमसची वाळू काळी. टमेटा भजियाच्या पहिल्याच घासाला जीभ पोळली. शेजारच्या टपरीवर पांढऱ्या शंखांमध्ये एक तपकिरी, मखमली सालीचा नग दिसला.

"हा कसला?"

"शंखज छे, काका. घस्यो नथी," टपरीवाली म्हणाली. (शंखच आहे, घासलेला नाही.) "अंदर गोकळगाय रहे." (आत गोगलगाय राहते.)

पन्नाशी उलटली, रोज घरात शंखाची पूजा पाहिली, पण आत जीव असतो हे कधी मनात आलं नव्हतं. बाई सांगत होत्या, ओख्याकडच्या समुद्रात ती वाळूत सरपटते, किडे खाते. बाईंनी टोकावर बोट ठेवलं. गोगलगाय जन्मते ती एवढीशी, इथं. मग वळसे घेत घर वाढवते. टोक म्हणजे तिचं लहानपण.

आता सांगूनच टाकतो. तरुणपणी मी अक्काकडे राहून कतारगामला घंटीवर (हिरे घासायच्या चाकावर) काम करायचो. पूजेचा शंख पाण्यानं भरतात, वाजवत नाहीत. वाजवायच्या शंखाचं टोक कापलेलं असतं. मला आवाज ऐकायची हौस. अक्काचा पूजेचा शंख गुपचूप नेला, घंटीवर टोक उडवलं आणि घाबरून तसाच परत ठेवला. दुसऱ्या दिवशी टोकातून पाणी गळलं. देवांची भांडी घासायची ती अक्काची धाकटी जाऊ, सुनंदा. "हिनंच पाडला," अक्का म्हणाली. मी गप्प. तेव्हापासून सुनंदाला देवघरात हात लावू दिलेला नाही.

कोसाडला दोघी मेथी निवडत होत्या.

"उना का रे भाऊ?" (आलास का?) अक्का हसली. "हातात शंख कशाला? नवस फेडतोस का काय?"

मी फरशीकडे बघत सगळं सांगितलं.

"माहीत होतं, दादा," सुनंदा म्हणाली. "पडून तुटलं तर कड अशी आरशासारखी नसते."

"मग बोलली का नाहीस गं?" अक्काचा आवाज चिरका झाला.

"बोलले असते तर तुमचा भाऊ पुन्हा या दारात आला असता का, ताई?"

अक्कानं हातातली मेथीची काडी मोडून टाकली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू दर दिवाळीला हिच्याच हातचं जेवत होतास."

नव्या शंखाला तिनं हात लावला नाही. तो ठेवलेलं ताट सुनंदापुढे सरकवलं. "धुऊन आण. देवापुढं तूच ठेव."

निघताना सुनंदानं जुना शंख माझ्या हातात दिला. "वाजतो का तरी बघा."

नवापूरच्या पुढं डबा रिकामा झाला, तेव्हा ओठांना लावला. नुसती हवा गेली. टोकावर अंगठा फिरवला. गोगलगायीचं लहानपण असायचं तिथं माझी ती गुळगुळीत कड होती, जी सुनंदानं पहिल्याच दिवशी ओळखली होती.