तीर्थ आणि तात

नृसिंहाच्या तीर्थानेच माझी रॅकेट निकामी झाली, हे कळलं तेव्हा देवालाच माझं खेळणं नको आहे, असं मला वाटलं. तोवर हैदराबाद, सिकंदराबादच्या स्पर्धांत मी प्रत्येक वेळी पहिल्याच फेरीत हरून परभणीला परतले होते. या खेपेला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं, की औरंगाबादला एक तरी सामना जिंकायचा, नाहीतर टेनिस बंद. आबा वकील. त्यांच्यापुढे माझा शब्द फुटत नसे.

सोबतीला झरी गावची आत्या होती. निघायच्या आधी ती मला न विचारता रॅकेट पोखर्णीच्या नृसिंहाच्या देवळात घेऊन गेली आणि देवापुढे ठेवून तिच्यावर तांब्याभर तीर्थ ओतून आली. ते तिनं मला सांगितलं गाडीत, सेलू स्टेशनवर. इंजिन बिघडल्यामुळे गाडी तिथे अडकली होती. मी घाईनं पिशवी उघडली. पाणी लागून जाळीच्या मधल्या दोन ताती तुटल्या होत्या. दुसरी रॅकेट माझ्याकडे नव्हती. "म्या चांगल्यासाठीच केलं गं," एवढंच आत्या म्हणाली. मी मनातून देवावर रुसले.

आम्ही फलाटावर उतरलो, तर तिथे एक म्हातारा पिंजारी कापूस पिंजायची कमान टेकवून त्याच गाडीसाठी थांबला होता. तो आमच्याकडे पाहत होता. "दाखव बेटी," म्हणाला, आणि तुटका तुकडा बोटांत फिरवून हसला. "ही तर आमच्या कमानीचीच तात हाय. मेंढीचं आतडं."

आत्या दचकून मागे सरली. "आगं बाई. म्हंजे म्या आतड्यावर तीर्थ घातलं?"

मला कुठे तोंड लपवावं कळेना. मग आत्या स्वतःशीच म्हणाली, "नरसिंहानं तर आतड्याची माळच घातली व्हती गळ्यात. त्येला काय इटाळ?" तिनं रॅकेट उचलून पिंजाऱ्यापुढे धरली. "बसीव बाबा."

त्यानं झोळीतून तात काढली, पाय लावून ताणली आणि गाठी मारल्या. माझ्या तातीपेक्षा ती जाड होती. आत्यानं दिलेलं धपाटं खाता खाता तो निवांत बसला. "जिंकंल का आता पोरगी?" तिनं विचारलं.

"ते मला काय ठावं, आक्का? आमी दिवसभर तात मारतो. कापूस हारला का आमी, कोन इचारतंय? सांजंला गादी भरली म्हंजे झालं."

औरंगाबादला माझ्यासमोर एका फौजी अधिकाऱ्याची मुलगी होती, माझ्याहून कितीतरी सरस. पूर्वी मी प्रत्येक चेंडूला देवाकडे गुण मागत असे, आणि गुण गेला की पाय जड होत. त्या दिवशी काहीच मागावंसं वाटलं नाही. चेंडू आला की धावायचं, एवढंच माझ्या हाती होतं. बाकीचं ज्याचं होतं त्याच्याकडे सोडलं. पहिला डाव गेला, दुसरा मी जिंकले. तिसऱ्यात शेवटपर्यंत झुंजून हरले.

घरी आबांनी विचारलं, "अट काय होती?"

"जिंकायची. हरले मी." आणि मग, कसा कोण जाणे, माझा आवाज थरथरला नाही. "अट पाळता आली नाही, आबा. पण खेळ सोडणंही मला जमणार नाही. मी उद्या सकाळी सरावाला जाणार आहे."

आबांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग चष्मा काढून म्हणाले, "उन्हाच्या आत परत ये."

त्यानंतर मी बऱ्याच स्पर्धा खेळले. दोनदा दुसऱ्या फेरीपर्यंत पोचले, त्यापुढे कधीच नाही. सेलूच्या फलाटावर त्या दिवशी कोण भेटलं, याचा मी फार विचार करत नाही. मला विजय दिला गेला नाही, बोलण्याचं बळ दिलं गेलं, आणि मला हवं होतं ते, माझं खेळणं, त्या बळानंच राखलं. आता देवापुढे उभी राहिले, की माझ्याकडे मागणं उरलेलं नसतं. हात जोडते आणि खेळायला जाते.