बुरुलचं पिवळं जॅकेट

डोंगरांतल्या कराकोल गावातल्या आमच्या बालवाडीत बुरुल स्वयंपाक करते आणि मी मधल्या वर्गाची बाई आहे. आम्ही एकाच गल्लीत राहतो, सकाळी बरोबरच निघतो. त्यामुळे ती पहिल्यांदा ते जॅकेट घालून फाटकाबाहेर आली, तेव्हा ते बघणारी पहिली मीच.

पिवळंधमक, फुगीर, जेमतेम कमरेपर्यंत येणारं जॅकेट. आणि त्याच्या टोपीला सशाचे दोन उभे कान!

"अगं बाई, हे काय?" मी म्हटलं.

"माझ्या कोटाची चेन गेली. हे अकमोरचं, शाळेत असतानाचं. कपाटात नुसतं पडून होतं." ती गर्रकन फिरली. "बघ ना, कसं मापात बसलंय!"

अकमोर तिची धाकटी मुलगी, राजधानीत, बिश्केकला दातांच्या दवाखान्यात नोकरीला. थोरला मुलगा रशियात. घरात बुरुल आणि तिचा नवरा एसेन, एवढीच माणसं. एसेनच्या मधमाश्या आहेत, आणि माश्यांशी तो जितकं बोलतो तितकं माणसांशी बोलत नाही.

बुरुल तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. आमच्याकडे त्या वयाच्या बाईनं काय घालायचं हे कुणी सांगावं लागत नाही. घोट्यापर्यंत काळपट झगा, वर बिनबाह्यांची मखमली बंडी, डोक्याला रुमाल. बाजारात कुणी मागून पाहिलं तर आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो.

बालवाडीत त्या दिवशी गोंधळच झाला. "ससा आला, ससा आला!" करत मुलं स्वयंपाकघराच्या दाराशी जमली. एका मुलीनं बुरुलला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि विचारलं, "तू आजी आहेस का ताई आहेस?"

"दोन्ही आहे," बुरुल म्हणाली. "आधी लापशी संपव, मग सांगते कुठली केव्हा असते ते."

दोन-तीन दिवसांत एसेननं कोटाची चेन दुरुस्त करून दिली. कोट खुंटीवर गेला आणि तिथंच राहिला. बुरुल जॅकेटच घालत राहिली. मग बाजारातून खिशाखिशांची ढगळ विजार आली, जाड तळव्यांचे पांढरे बूट आले, छातीवर डोळे मिचकावणारं मांजर छापलेला गुलाबी स्वेटर आला. सगळं कॉलेजच्या पोरी जिथं घेतात त्या दुकानातलं. एकदा तिनं पोट उघडं टाकणारा तोकडा टॉपसुद्धा आणला आणि दुसऱ्या दिवशी परतही केला.

"का गं? वयाची आठवण झाली का?" मी चिडवलं.

"वय गेलं खड्ड्यात. कमरेला गार लागतं! पोरी कशा घालतात देव जाणे."

गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, नवरा सोडून जाईल या भीतीनं करतेय. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. मलाही तिच्याबरोबर चालताना जरा चोरट्यासारखं होई. एकदा घरी परतताना, पायाखाली बर्फ करकरत असताना, मी सरळ विचारलं, "बुरुल, खरं सांग. तुला पुन्हा तरुण दिसायचंय का?"

ती थांबली. "नाही गं. चेहरा आहे तो आहे, आरसा आहे माझ्याकडे. मला दिसायचं काही नाही. मला हे घालायचंय."

मग तिनं सांगितलं. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली, म्हणून तिच्या वडिलांनी नाव ठेवलं बुरुल, म्हणजे 'वळ'. आता तरी मुलाकडे वळ, असं देवाला सांगणं. देव वळला, पुढच्या वर्षी मुलगा झाला. मुलासाठी सगळं नवं शिवलं गेलं. हिला चारही बहिणींच्या अंगावरून उतरलेलं मिळालं, गुडघ्यांवर ठिगळं लावलेलं.

"ज्या वयात पोरी आरशापुढून हलत नाहीत ना, त्या वयात मी डोंगरावर मेंढ्या हाकत होते. थोरलीची विजार, कमरेला दोरी. अठराव्या वर्षी लग्न. लग्नात अंगभर नवं मिळालं, पण ते सुनेचं. नंतर आईचं. माझं असं कधी आलंच नाही. मधलं एक पान कुणीतरी फाडूनच टाकलं. आता पोरगी मोठी झाली, घर रिकामं झालं. म्हटलं, ते पान बघू तरी कसं होतं."

तिच्या टोपीच्या कानांवर बर्फ साचला होता, तेवढा झटकून दिला.

एसेनला मी नंतर विचारलं, "तुला काही वाटत नाही?"

त्यानं बराच विचार केला. "धुक्यात लांबून ओळखू येते," तो म्हणाला.

पण कालिपा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. कालिपा एसेनची थोरली बहीण, सगळ्या भाऊबंदांत तिचा शब्द चालतो. ती आली तेव्हा मी बुरुलकडे चहाला बसले होते. बुरुलनं मांजराचा स्वेटर घातला होता. कालिपानं वाटी हातात घेतली, पण चहा पिईना.

"बुरुल, लाज कुठं ठेवलीस?"

"घरातच आहे वन्सं. चहा घ्या, निवतोय."

"चेष्टा करू नकोस. तू सून होऊन आलीस तेव्हा मी तुला हाताला धरून आत आणलं. म्हणून बोलते. आपल्या वयाला एक मान असतो. मी बसमध्ये चढले की पोरं उठून जागा देतात. तो मान मला फुकट मिळाला नाही. सासूचं ऐकलं, दिराचं ऐकलं, तोंड मिटून तीस वर्षं काढली, तेव्हा मिळाला. तू तो एका मांजरापायी घालवतेस, आणि तुझ्याबरोबर आमचाही जातो."

बुरुलनं मान खाली घातली. कालिपाचं बोलणं खोटं नव्हतं, आणि ते तिलाही कळत होतं. मग ती म्हणाली, "वन्सं, मलाही पोरं जागा देतात."

"या विजारीत?"

"या विजारीत. नुसती देत नाहीत, हसून देतात."

कालिपा चहा तसाच ठेवून गेली.

मार्चमध्ये अकमोर घरी आली ती बातमी घेऊनच. दवाखान्यातला कानिमेत नावाचा डॉक्टर, नारिन गावचा. लग्न ठरवायचं होतं. रिवाजाप्रमाणे त्याची आई अकमोरच्या कानांत डूल घालायला येणार होती. नारिनची माणसं म्हणजे कडक. चहाची वाटी डाव्या हातानं दिली तरी लक्षात ठेवतील.

अकमोरनं आईचं कपाट उघडलं आणि पलंगावर बसली. मी शेजारीच होते.

"आपा, त्या दिवशी हे नको," ती आईला म्हणाली.

"कुठलं?"

"कुठलंच. गुलसून एजे, तुम्ही तरी सांगा ना हिला!" मोठ्या बहिणीला म्हणतात तसं 'एजे' म्हणत ती माझ्याकडे वळली, मग पुन्हा आईकडे. "माझ्या मैत्रिणी म्हणतात तुझी आई किती मस्त आहे. पण मला भीती वाटते गं. ते म्हणतील, आईच अशी अल्लड, तर मुलगी काय घर चालवणार? एक दिवस. फक्त एक दिवस तू सगळ्यांच्या आयांसारखी हो."

बुरुलचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "एवढंच ना? होते की."

कालिपानं आनंदानं आपला काळा मखमली झगा काढून दिला. तो बुरुलला खांद्यांत घट्ट आणि पोटाशी ढगळ होत होता. डोक्याला तिनं पांढरा रुमाल बांधला. त्या दिवशी सकाळी मी बोर्सोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळायला गेले, तर चुलीशी उभी असलेली बाई मला पटकन ओळखूच आली नाही.

पाहुणे दुपारी आले. कानिमेत, त्याचे दोन काका आणि त्याची आई उमसून. उंच, ताठ बाई; अंगात गडद निळी मखमल, ओठ घट्ट मिटलेले. अकमोरनं घाबरून माझा हात धरला. दारात सगळ्यांनी नमस्कार-चमत्कार केले आणि बूट काढायला वाकले.

उमसूननं उजवा बूट काढला, मग डावा.

तिच्या पायांत झगझगीत हिरवे मोजे होते. दोन्ही मोज्यांवर बेडूक, गुलाबी जिभा बाहेर काढलेले, आणि टाचेवर त्यांचे फुगीर डोळे शिवलेले.

बुरुलनं ते पाहिलं. उमसूननं बुरुलला पाहताना पाहिलं. दोघींपैकी एकही हसली नाही. पण बुरुलचे खांदे त्या घट्ट झग्यात असे हलायला लागले की मला वाटलं शिवण उसवणार. उमसून चटकन जाऊन मानाच्या जागी गोधडीवर बसली आणि पाय झग्याखाली ओढून घेतले.

सगळं रीतसर झालं. मटण आलं, काकांनी लांबलचक आशीर्वाद दिले. उमसूननं अकमोरच्या कानांत चांदीचे डूल घातले, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. अकमोर रडली, मीही रडले. मग उमसून उठली. "विहीणबाई, जरा पाणी मिळेल का?" असं म्हणत ती बुरुलच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. मी तिथं भांडी विसळत होते.

दार लागलं आणि दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"कुणाला सांगू नका हं," उमसून म्हणाली. "मी शाळेची मुख्याध्यापिका आहे. वर सगळं शिस्तीत ठेवावं लागतं. म्हणून खाली, बुटात."

"कधीपासून?"

"मालक गेले त्या वर्षापासून. हिवाळा संपता संपत नव्हता. एक दिवस बाजारात हे दिसले. घातले, आणि बैठकीत सगळे गंभीर बोलत असताना मला आठवलं की माझ्या पायांत बेडूक आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं." तिनं डोळे पुसले. "आणि तुम्ही? कानिमेतनं मला फोटो दाखवला होता, पिवळ्या जॅकेटातला. मी वाटभर म्हणत होते, चला, त्या बाईला बघू. आणि इथं येऊन बघते तर मखमल!"

"पोरीनं सांगितलं म्हणून," बुरुल म्हणाली.

"माझ्या पोरानंही मोजे बदलायला सांगितले होते. मी ऐकलं नाही."

निघायच्या आधी मानाचे कपडे द्यायची वेळ आली. कालिपानं पेटी उघडून विहिणीसाठी आणलेला भरजरी मखमली कोट बाहेर काढला. सगळ्यांनी वा वा केलं. उमसूननं कोटाला अदबीनं हात लावला आणि म्हणाली, "फार सुंदर आहे. हा माझ्या थोरल्या जावेला देते, ती हरखून जाईल. मला मात्र दुसरं काही मागायचंय. पिवळं जॅकेट."

एक काका खोकले. कालिपाच्या हातात कोट तसाच लोंबत राहिला.

"ते जुनं आहे हो," बुरुल पुटपुटली. "वापरलेलं. ते कसं द्यायचं मानाचं म्हणून?"

"मला तेच हवंय."

बुरुलनं अकमोरकडे पाहिलं. जॅकेट मुळात तिचं होतं. अकमोर लालबुंद झाली होती. मग ती उठली, आत गेली आणि जॅकेट घेऊन आली. तिनं स्वतःच ते सासूच्या खांद्यांवर घातलं आणि टोपी वर ओढली. त्या ताठ बाईच्या डोक्यावर ते दोन कान उभे राहिले, तेव्हा आधी कानिमेतला हसू फुटलं, मग काकांना, मग सगळ्या घराला. एसेन तर कोपऱ्यात गुडघ्यांवर थापा मारत होता.

कालिपा हसली नाही. "मला हे पटलेलं नाही," ती मला जाताना म्हणाली, आणि आजही तिला ते पटलेलं नाही. पण लग्नाच्या स्वयंपाकाला ती सगळ्यांच्या आधी आली.

मी स्वतः माझा करडा कोटच घालते. मला तो आवडतो. बुरुलनंही मला कधी बदल म्हटलं नाही.

पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी बाजारात निघाल्या आणि मलाही ओढून घेऊन गेल्या. कॉलेजच्या पोरींच्या त्या दुकानात गर्दी होती. अकमोर थेट आत घुसली, हँगर भराभर सरकवत एक निळं जॅकेट ओढून काढलं, पाठीवर भलीमोठी चंदेरी चांदणी असलेलं. दुकानातल्या मुलीनं अकमोरच्या खांद्यांचा अंदाज घेतला. "तुला थोडं मोठं होईल गं. लहान माप काढू?"

"मला नकोय," अकमोर म्हणाली. "माझ्या आईला हवंय. याच्यावर शोभेल अशी विजारही दाखव. पण कंबर झाकणारी हं, तिला गार सोसत नाही."

बुरुल आरशापुढे उभी राहिली आणि बराच वेळ तिथून हललीच नाही. मागे पोरींची रांग लागली होती. एकीनंही तिला लवकर आटप म्हटलं नाही.