शिळं पाणी

वारूळवाडीची अश्विनी शाळांचं वीजबिल आणि पाण्याची नासाडी कमी करून देते. शाळेत गेल्यावर शाल-नारळ घेत नाही, आधी मोटर कुठे आहे ते विचारते.

मढ गावाजवळच्या एका शाळेत रोज सकाळी मोटर लावून अख्खी टाकी भरावी लागे. एवढं पाणी संपवण्याइतकी पोरंही तिथे नव्हती. अश्विनीने नळ पाहिले, पाइप पाहिले, गळती सापडेना. शेवटी एकदा शाळा भरायच्या आधीच ती जाऊन बसली. खिचडी शिजवणाऱ्या लंकाबाई आल्या, त्यांनी टाकीचा खालचा नळ सोडला आणि सगळं पाणी गटारात जाऊ दिलं.

"मावशी, हे काय करताय?"

"कालचं हाय ते. शिळं पाणी पोरांना पाजायचं व्हय, ताई?"

"अहो, धरणातलं पाणी तर महिनोन्‌महिने साठलेलं असतं."

"ते धरणात. भांड्यात भरलं की रातीत शिळं व्हतं."

अश्विनी पुढे वाद घालत बसली नाही. पिण्यासाठी तिने एक छोटी टाकी वेगळी बसवून घेतली. ही रोज ओता, पण झाडांना, आणि मोठीला हात लावू नका, असं लंकाबाईंना बजावून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या तिने घरातला कालचा भरलेला हंडा उचलून मोरीत ओतला. रिकामा हंडा नळाखाली लावताना तिला लंकाबाई आठवल्या. तिने नळ सोडला.