दोर फांदीला, माणसाला नाही

मी सरकारी कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबावर होतो. खाली खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्यांवरचे लोक मान वर करून माझ्याकडे बघत होते, आणि नागपूरहून आलेले प्रशिक्षक हातातली काठी माझ्या पायांकडे रोखून सांगत होते, "हे नीट बघून घ्या. असं कधीही करायचं नाही."

लोक हसले.

"कमरेला काही नाही, डोक्यावर काही नाही. पायात चप्पलसुद्धा नाही. हात निसटला की संपलं."

पुन्हा हसले. मी वरच, एका हातानं फांदी धरून. दुसऱ्या हातात करवत. चूक कशी असते हे दाखवायला मला वर चढवलंय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ठेकेदार सकाळी एवढंच म्हणाला होता, "साहेबलोक झाडाचं शिकून राह्यले. तू नेहमीसारखा चढून दाखव." मला वाटलं, आज आपलं काम चार लोक बघणार. मी धुतलेला शर्ट घालून गेलतो.

आम्ही मूळचे राळेगावकडचे. बौद्ध वस्तीतले. जमीन नाही, कधीच नव्हती. दुसऱ्याच्या शेतातला कापूस वेचायचो. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. ज्यांची शेतं होती तेच कोलमडले, तिथं वेचणाऱ्याला कोण विचारतो? त्यांची दुःखं पेपरात यायची. खरीच होती ती. आमचं मात्र कुठं छापून आलं नाही. मी, दादा आणि माय यवतमाळला आलो. दादा आणि मी एका ठेकेदाराकडं झाडं छाटायला लागलो. रस्त्याकडेची, कचेऱ्यांच्या आवारातली, बंगल्यांवर झुकलेली.

गावात फांदी पडली तर मातीवर पडते. शहरात खाली विजेच्या तारा असतात, टिनाची छपरं असतात, गाड्या असतात. म्हणून शहरात दोर फांदीला बांधायचा. एकानं वर करवत चालवायची, दुसऱ्यानं खाली दोर धरून ती फांदी हळूहळू उतरवायची. ठेकेदारानं हीच रीत शिकवली. दोर एकच मिळायचा, तो फांदीचा. माणसालाही दोर बांधायचा असतो, हे आमच्या गावीही नव्हतं.

आदल्या उन्हाळ्यात दादा पडला. एका बंगल्यामागचा गुलमोहर होता. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. दादाच्या पायाखालची फांदी कडाडली. दोर माझ्या हातात होता, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला फांदी होती, दादा नव्हता. फांदी अलगद छपरावर टेकली. दादा कंपाउंडच्या भिंतीवर आदळला. आवाज ऐकून बंगल्यातले साहेब बाहेर आले. त्यांनी आधी छपराकडं बघितलं. मग दादाकडं.

दवाखान्यात पोचेपर्यंत दादा गेला होता. ठेकेदार मायला म्हणाला, "पाय घसरला त्याचा. नशिबाले कोन काय करन?" मायनं मान हलवली. मीही हलवली. नशीबच, असं आम्ही धरून चाललो. आणि पोटासाठी मी दादाच्या जागी वर चढायला लागलो.

तर त्या दिवशी मी वर, आणि खाली प्रशिक्षकांनी पिशवीतून एक रुंद पट्टा काढला. त्याला दोर जोडला. म्हणाले, "पहिला दोर माणसाचा. वरच्या मजबूत फांदीवरून घ्यायचा आणि कमरेच्या पट्ट्याला बांधायचा. त्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही. पाय निसटला तरी माणूस लटकतो. पडत नाही."

लटकतो. पडत नाही.

मला झाडावर बसवेना. एवढंच होतं? एक दोर जास्तीचा आणि सांगणारा एक माणूस? दादा लटकला असता. थोडा खरचटला असता, घाबरला असता, खाली उतरून मला शिव्या दिल्या असत्या. जिवंत असता. मी वर बसून रडलो. खाली कोणाला कळलं नाही. ते लिहून घेत होते.

मी वरूनच विचारलं, "साहेब, हे मले शिकवता का?"

बोललो तसे सगळे दचकलेच. नमुना म्हणून आणलेली वस्तू बोलायला लागली ना! कचेरीतले बागखात्याचे साहेब उठून म्हणाले, "तुले काय करायचं? हे परमनंट लोकायसाठी हाय. दहावी पास लागते."

आणि ठेकेदार म्हणाला, "माकडाले चढाची शाळा कायले पाहिजे, साहेब?"

या वेळी सगळ्यात जास्त हसले. खुर्च्यांवर कोण होतं? बाबू लोक, स्टोअरकीपर, साहेबांचा एक पुतण्या. त्यांच्यातला एकही जन्मात झाडावर चढणार नव्हता. त्यांना प्रमाणपत्र मिळणार होतं, ते पुढं बढतीला कामी येणार होतं. आम्ही मात्र पडायचे तसे पडत राहणार होतो.

मी उतरलो. प्रशिक्षक म्हणाले, "अरे, उतरलास कशाला? चुकीच्या पद्धतीचा फोटो घ्यायचा राहिला."

मी करवत खाली ठेवली. चालत गेलो आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत बसलो. साहेबांच्या समोर खुर्चीत बसायची ती माझी पहिलीच वेळ.

"ऊठ," बागखात्याचे साहेब म्हणाले.

"नाही उठत."

"अबे, कोनापुढं बसला, समजते का तुले?"

"चढतो मी. मेला माहा भाऊ. मंग शिकीन बी मीच."

ठेकेदारानं माझी कॉलर धरली. मी खुर्चीचे हात सोडले नाहीत. मी प्रशिक्षकांकडे बघितलं. वाटलं, हा माणूस तरी बोलेल. त्यांनी नजर चुकवली. "नियम माझ्या हातात नाहीत," म्हणाले, आणि पट्टा पिशवीत भरला. मग सगळे उठून कचेरीच्या हॉलमध्ये गेले. दार आतून लावून घेतलं. मी बाहेर एकटा बसून राहिलो. थोड्या वेळानं चौकीदार आला आणि माझ्या बुडाखालची खुर्चीही घेऊन गेला. तो धडा मला मिळाला नाही. पट्ट्याची गाठ कशी मारतात ते मला अजून येत नाही.

घरी येऊन मायला सांगितलं, "माय, दादाचं नशीब नव्हतं ते. त्याले कोनी शिकवलंच नाही."

माय म्हणाली, "शिकवाले काय जात होतं रे त्यायचं?" आणि दादा गेला तेव्हा रडली नव्हती तशी रडली. नशीब होतं तोवर तिला सोसत होतं. आता सोसवेना. मी तिला हे सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं, मला कळत नाही.

काम गेलं. माझ्या जागी ठेकेदारानं झरी जामणीकडचा एक कोलाम आदिवासी माणूस आणला. मी त्याला गाठून सांगितलं, पट्ट्याशिवाय चढू नको. तो म्हणाला, "नाही चढलो तं खाऊ काय, भाऊ?" मीच तेव्हा विटा उचलून कसंबसं भागवत होतो. तो चढला. मी खाली उभा राहून बघत होतो, जीव मुठीत धरून.

आता पुन्हा तसलंच प्रशिक्षण आहे. ठेकेदारानं निरोप धाडला, "चढून दाखवाले ये, मागचं मी विसरलो."

मी विसरलो नाही. मी जाणार आहे. झाडावर नाही, पहिल्या रांगेत. त्या कोलाम भावाला सोबत नेणार आहे. तो यायला तयार झालाय, घाबरत का होईना. उठवतील, पुन्हा बसू. हॉलचं दार लावतील, तर दारात बसू. हाकलतील हेही ठाऊक आहे. आता मला त्यांची दया नको, कौतुक नको, दादाच्या नावानं हळहळ तर मुळीच नको. एकच सांगणं आहे, तेही तोंडावर: शिकवा, नाहीतर तुम्ही चढा.