सुट्या गोळ्या

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी धामणकर नाक्याजवळच्या एका मेडिकलमध्ये कामाला लागले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मिस्टर फौजेत होते, वर्षातून दोन महिने घरी यायचे. उरलेले दहा महिने मी आणि भाड्याची खोली. सासूबाई दापोड्याला थोरल्या दिरांकडे असायच्या. भिंतीपलीकडे चार लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, चालायचे. वीज गेली की ते थांबायचे, आणि मग खोलीत दुसरा आवाजच नाही हे एकदम लक्षात यायचं. नोकरी मी पगारासाठी धरली हे खरं, पण दिवसभर कोणीतरी आपल्याशी बोलावं, हेही होतंच.

दुकानात बोलणारे पुष्कळ. शिफ्ट सुटली की मागावर बारा तास उभे राहिलेले कारागीर यायचे. "बहनजी, बदन दर्द की गोली देना." मी पट्टीतून दोन-चार गोळ्या कापून कागदाच्या पुडीत द्यायची. तापाला कुठली, सर्दीला कुठली, अंगदुखीला कुठली, एवढं मालकांनी शिकवलं होतं. दोन-तीन महिन्यांत मला वाटायला लागलं की आपल्याला औषधातलं कळतं.

अशात मिस्टरांचं पत्र आलं. पलटण कुठल्याशा डोंगरावर होती. पाठीवर ओझं घेऊन चढ चढायचा, कंबर धरते, असं लिहिलं होतं. मी पार्सल केलं. तिळाचे लाडू आणि अंगदुखीच्या गोळ्या. पट्ट्या जागा खातात म्हणून गोळ्या सोडवून एका बाटलीत भरल्या आणि वर चिठ्ठी डकवली, 'दुखलं की एक.' महिन्याभरानं उत्तर आलं, गोळी लागू पडली, अजून धाड. दुसऱ्यांदा पाठवताना मला आनंद झाला होता, ते लपवत नाही. इतक्या लांबून त्यांच्या कमरेला हात लावतेय असं वाटलं होतं.

मग पत्रं थांबली. पोस्टमन गल्लीत शिरला की मी काउंटर सोडून बाहेर यायची आणि तो मान हलवायचा. पाच आठवड्यांनी अंतर्देशीय आलं, पण अक्षर अनोळखी होतं. पलटणीतल्या नर्सिंग असिस्टंटचं, म्हणजे जवानांना औषधपाणी देणाऱ्या शिपायाचं. तो साताऱ्याकडचा होता. 'वहिनींना नमस्कार. आधी सांगतो, भाऊ आता बरे आहेत,' अशी सुरुवात होती. पुढचं मी दुकानात उभ्यानंच वाचलं. मिस्टरांना रक्ताची उलटी झाली होती. खाली मिलिटरी हॉस्पिटलात न्यावं लागलं. पोटात जखम झाली होती. तो स्वतः त्यांना कमरेसाठी गोळी देत होता, आणि मिस्टर तिच्यावर मी पाठवलेलीही घेत होते, तीही पुष्कळदा उपाशीपोटी. 'गोळी देण्याआधी मी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारतो,' त्यानं लिहिलं होतं. 'जेवलास का, दुसरं काही घेतोस का, आज पहारा आहे का. पहारा असला तर सर्दीची गोळी देत नाही, झोप येते. एका वेळी एकाच दिवसाच्या गोळ्या देतो आणि वहीत लिहितो. भाऊंनी दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणून सांगितलं.'

मालकांनी पत्र वाचलं. पलटणीतल्या गोळीचं नाव बघून ते म्हणाले, "औषध एकच आहे बाई. नाव तेवढं वेगळं." मग हळूच, "गिऱ्हाइकासमोर रडू नका."

मी नर्सिंग असिस्टंटला पत्र लिहिलं. एकच विचारलं, चूक माझी का? त्याचं उत्तर अजून माझ्या ट्रंकेत आहे. 'तुमची चूक नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तुम्ही मायेनं पाठवलंत. पण बाटलीवर औषधाचं नाव नव्हतं. डॉक्टरसाहेब विचारत होते काय घेतलं, आणि भाऊंना सांगता येईना. मी त्या गोळ्या आमच्या गोळ्यांशी ताडून बघत बसलो, त्यात वेळ गेला. यापुढे पाठवायचंच झालं तर पट्टी अख्खी पाठवा, आणि मला आधी कळवा.'

मिस्टर आजारपणाच्या रजेवर आले तेव्हा निम्मे झाले होते. मी भात मऊ करायची, ते गुपचूप जेवायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी मी विचारलं, "त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काढून घेतल्या असत्या."

"मग घेऊ द्यायच्या होत्या."

ते दाराबाहेर बघत राहिले. "घरचं काय होतं माझ्याकडं तिथं? लाडू पलटणीतल्या पोरांनी एका दिवसात संपवले. बाटली तेवढी राहिली." मग म्हणाले, "कदी कदी दुखत न्हाय तरी एक घ्यायचो."

मी उठून भांडी घासायला घेतली.

त्यानंतर काउंटरवर मी विचारायला लागले. खाना खाया? और कोई गोली चालू है? पेट में जलन होती है? पट्टी कापली तरी पुडीवर औषधाचं नाव लिहून द्यायची. मालक वैतागायचे, "बाई, दुकान आहे, दवाखाना नाही." पण थांबवलं नाही त्यांनी. एक वयस्क कारागीर एकदा हसला, "इतना तो घरवाली भी नहीं पूछती." मग स्वतःच म्हणाला, "वो तो गाँव में है. पूछे कैसे?" त्या दिवशी तो गोळी न घेताच गेला. जेवून येतो म्हणाला आणि खरंच अर्ध्या तासानं आला.

नर्सिंग असिस्टंटला मी वर्षभरानं पुन्हा पत्र टाकलं, आभाराचं. ते परत आलं. वर लाल शाईत बदली झाल्याचं लिहिलं होतं. साताऱ्याकडचा, एवढंच मला ठाऊक. गाव विचारायचं राहिलं.

मिस्टर कामावर रुजू झाले. त्यांना डोंगरावर पाठवलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. नव्वदीच्या मध्यात पेन्शन घेऊन ते कायमचे घरी आले. मला वाटलं होतं, आता खोलीत बोलणं होईल. पण दोन महिन्यांतच राहनाळच्या एका गोडाऊनवर वॉचमनची ड्युटी त्यांनी धरली. घरी बसवत नव्हतं. मी दुकानातून यायची तेव्हा ते निघायच्या तयारीत असायचे. एक कप चहा आम्ही उभ्यानं प्यायचो. कंबर दुखायचीच. मला कधी सांगितलं नाही, पायरी उतरताना ते चौकट धरायचे त्यावरून मला कळायचं.