तळ्यावर हिरवा झेंडा

घाण पाण्यात शेवाळ वाढायला कुणाला काही करावं लागत नाही. आमच्या कामातल्या किश्श्यांचंही तसंच. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि दत्ताकाकांनी मला बहरीनला ओढून आणलं. इथल्या जुफैर भागातल्या एका कॉलनीत पोहण्यासाठी बांधलेलं तळं आहे. पाण्याचं सॅम्पल भरून लॅबला पोचवणं, हे माझं काम. रिपोर्ट चांगला तर हिरवा झेंडा, वाईट तर लाल. काका सुपरवायझर. त्यांची नात ओवी याच तळ्यात पोहते.

*

पहिल्या दिवशी मी पोरं डुंबतात तिथूनच बाटली भरली. काकांनी ती ओतून टाकली. "इथनं नको रे. ताजं पाणी आत येतं ना, त्या पाइपच्या तोंडाशी भर."

"पण तिथे कोण पोहतं?"

"म्हणूनच तर स्वच्छ असतं."

*

सॅम्पल बर्फात न्यायचं असतं. ऑगस्टमध्ये एकदा बघतो तर आइसबॉक्समध्ये सुरमई, आणि बाटली गाडीच्या मागच्या सीटवर उन्हात.

काका म्हणाले, "पाणी काय नासतंय? सुरमई नासते."

*

एवढं करूनही एकदा रिपोर्ट भयंकर आला. मी कुणाला न विचारता लाल झेंडा लावला. लगेच मॅनेजर कुलकर्णी सरांचा फोन. पुण्याचे, एम.एस्सी. झालेले.

"अरे, उद्या शुक्रवार, सुट्टी. लोक पोहायला येणार. रविवारी परत सॅम्पल घे, इंशाल्ला चांगलं येईल."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत हिरवा."

*

त्यानंतर ओवीचा कान वाहायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, कुठे पोहते? मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "एसीचं वारं लागलंय तिला."

बाहेर येऊन मी भांडलो. "कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये," म्हणाले. खलास.

*

यंदा काकांच्या घरी गणपती होता. विसर्जनाला मी मुद्दाम म्हटलं, "काका, आपलं तळं आहे की. झेंडा हिरवाच आहे."

"त्या पाण्यात? बाप्पाला?" काका खरंच हादरले. "डोकं फिरलंय काय तुझं?"

बाल्कनीत नवीकोरी बादली आली. पिण्याच्या पाण्याच्या विकतच्या बाटल्या एकेक करून तिच्यात रिकाम्या झाल्या. कुलकर्णी सर डोळे मिटून, हात जोडून उभे.

कानात कापूस घातलेली ओवी सगळं बघत होती. "बट आजोबा, आय स्विम देअर."

काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू नंतर शॉवर घेतेस ना, बाळा."