मावशीचा पाटा आणि आजारी अळ्या

अळी आजारी पडली की पेढे वाटावेत असं मनापासून वाटणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले त्या काळातली गोष्ट. उंद्रीला मावसाजींचा हरभरा होता. लोक शेतात घाटे बघायला जात, हे घाटेअळ्यांची तब्येत बघायला. एखादी अळी मलूल होऊन शेंड्याला उलटी लटकलेली दिसली की यांचा चेहरा असा खुले, जणू घरी पाळणा हलला. "पाह्य बापू, हिले रोग लागला," म्हणत ते मेलेल्या अळ्या तांब्यात गोळा करत, वाटून फडक्यानं गाळत आणि ते पाणी केरसुणीनं पिकावर शिंपडत. थोड्याच दिवसांत धडधाकट अळ्याही लटकू लागत. गाव आधी हसायचं, मग तेच पाणी मागायला यायचं.

एका दुपारी मात्र त्यांनी अळ्या वाटायला मावशीचा माहेरून आलेला पाटा घेतला. मावशी दारात येऊन उभी राहिली.

"काय वाटून राह्यले?"

"औषध."

"कायचं?"

"अळ्याइचं."

मावशीनं पाटा ओढून घेतला. पाटा धुतला, गाडीत घातला आणि चिखलीला माहेरी निघून गेली. मावसाजींना घास गोड लागेना. शेवटी मला बरोबर घेऊन ते सासुरवाडीला गेले, काखेत झाकणाची परडी. परडीत मुंग्या, ठिपक्यांचे ढालकिडे आणि एक केसाळ सुरवंट, सगळे त्याच पाण्यात बुडवलेल्या पाल्यावर ठेवलेले. परडी सासऱ्यांशेजारी टेकवून ते मावशीला म्हणाले, "ह्या पाण्यानं घाटेअळीच मरते. बाकी कोनाले काही होत नाही. मंग तुह्या पाट्याले काय होते?" आणि झाकण उघडलं. आत नुसता पाला. पाहुणे इतके ठणठणीत होते की फटीतून केव्हाच निसटले होते. तेवढ्यात सासरे मान खाजवू लागले, मग पाठ, मग उठून नाचूच लागले. मावसाजी कौतुकानं म्हणाले, "सुरवंट बी जित्ता हाय."

मावशी पदर तोंडाला लावून हसली ती थांबेचना. पाट्यासकट परत आली, पण एका अटीवर: अळ्यांसाठी अंगणात वेगळा दगड.

मावशी वारल्यावर मी एकदा उंद्रीला गेलो. भर थंडीत मावसाजी अंगणातल्या दगडावर अळ्या वाटत कुडकुडत बसले होते. आत चुलीजवळ पाटा रिकामाच होता.

"आतमंदी वाटा ना मावसाजी, आता कोन हाय बोलाले?"

त्यांनी वरवंटा थांबवला नाही. "थे रागावन ना बापू," म्हणाले.